धर्माकाकांच्या शेतातला रस्ता

धर्माकाकांना पोचवून आलो. एवढ्या मोठ्या टाउनमधून आम्ही दोघंच गेलेलो, मी आणि बाबा.

लाज वाटतेय.

ऐंशीच्या दशकात आम्ही गिरगाव सोडून इथे आलो, कल्याणच्या पुढे, कसारा लाइनवर. तेव्हा इथे फक्त स्टेशन. लांबवर गाव, आमची एकुलती एक बिल्डिंग, आणि मध्ये भातशेती.

पावसाळ्यात चपला हातात घेऊन बांधावरून स्टेशन गाठायचं.

आईला सातवा महिना होता. बांधावरून घसरली ती थेट चिखलात.

शेत धर्माकाकांचं. त्यांनी आणि काकूंनी तिला उचललं, बैलगाडीत घालून लांबच्या गाडीवाटेने स्टेशनवर नेलं, कल्याणच्या दवाखान्यापर्यंत सोबत आले.

माझा भाऊ वाचला.

पुढच्या उन्हाळ्यात काकांनी स्वतःच्या शेताची एक कड सोडली. मुरूम टाकून रस्ता केला.

आई म्हणाली, "अहो काका, तुमचं भात कमी होईल."

"भात दुकानान पन मिलतं, बाय. तू परत परलीस तं?"

रस्ता झाला म्हणून रिक्षा आल्या. मग दूधवाला, केमिस्ट, क्लासेस. मग बिल्डिंगला लागून बिल्डिंग. नव्वदीत लोक 'आमचं टाउन' म्हणायला लागले.

रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा त्याला नाव द्यायचं ठरलं.

दिलं बिल्डरच्या वडिलांचं. ते बिचारे इथे कधी आलेही नव्हते.

नामकरणाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन बाबांकडे, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून. त्यांनी बिल्डरचे आभार मानले. मंडपवाल्याचे मानले. माइकवाल्याचेसुद्धा.

धर्माकाका सगळ्यात मागे उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. टाळ्या वाजवत.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मला चिखलातून माइकवाल्याने उचललं होतं का?"

"अगं, आपल्या बिल्डिंगचे कागद अजून त्या बिल्डरकडे अडकलेत. त्याच्यासमोर कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. हातात शेतातल्या काकड्या.

"साहेब, काल बेस बोललाव."

मनापासून म्हणाले हो. बाबांनी मान खाली घालून काकड्या घेतल्या.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत बाबा तो रस्ता सोडून रेल्वे फाटकाकडून वळसा घालून स्टेशनला जायचे. आम्ही कधी विचारलं नाही.

आज स्मशानात बाबा काठी टेकत उभे राहिले.

"स्टेशनचा रस्ता... यांनी दिला. मी तेव्हा बोललो नाही."

धर्माकाकांच्या मुलाने बाबांचा हात धरला. "बसा काका. आमाला सगल्यांना म्हाईत हाय."

खरंच होतं. तिथे सगळे त्यांच्याच घरचे, त्यांच्याच गावचे. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते तिथे नव्हतेच.

बाबा आल्यापासून जेवले नाहीयेत. मघाशी म्हणाले, "तू ते फेसबुकवर लिहितेस ना, तिथे लिही. मी बोललो नाही, तेही लिही."

लिहिलंय, बाबा.

धर्माकाका, फार उशिरा, पण सगळ्यांसमोर, आमच्या घराचा तुम्हाला नमस्कार.