आजी रोज ‘ने’ म्हणायच्या

ग्रीक खानावळ म्हटली की माणसाच्या डोळ्यांपुढे निळा समुद्र वगैरे येतो. ही होती ट्रकच्या वजनकाट्यामागे, टायरवाल्याच्या दुकानाला चिकटून. ग्रीस म्हणाल तर ते टायरवाल्याच्या हातांनाच जास्त! आत चार टेबलं. मुलगा भट्टीपाशी, सून दुपारी दुसरीकडे नोकरीला, आणि गल्ल्यावर मुलाची म्हातारी आई. काळे कपडे, ताठ मान, आणि स्वतःच्या भाषेखेरीज दुसरं एक अक्षर येईल तर शपथ.

तिथे रोज दुपारी काटेसाहेब जायचे. साहेब कसले, वजनकाट्यावर बसणारा माणूस! ट्रक काट्यावर चढला, आकडा घेतला, की खिडकीतून हात काढून ओरडायचं, ‘‘ने!’’ ड्रायव्हर ट्रक काढायचा, पुढचा यायचा. दिवसभरात माणसांशी बोलणं तेवढंच, आणि बायको गेल्यापासून घरी तर तेवढंही नाही. जेवण म्हणजे केबिनमध्ये भिंतीकडे बघत घास ढकलायचे. कुणाच्या तरी समोर बसून जेवावं, एवढीच इच्छा होती बिचाऱ्याची.

पण स्वभाव भिडस्त. विचारल्याशिवाय कुणाच्या खुर्चीला हात लावणार नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘आजी, बसू का इथं?’’

आजींनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘‘ने.’’

झालं! काटेसाहेबांचा चेहरा एवढासा झाला. मुकाट्यानं हातातला रिकामा डबा पुढे केला. आजींनी डब्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि थर लावून भाजलेली वांगी त्यात भरून दिली.

आता तोंड होतं ना देवानं दिलेलं? ‘का?’ म्हणून विचारायचं! पण छे. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीकडे बोट, पुन्हा ‘‘ने’’, पुन्हा डबा. बाकीचे ड्रायव्हर तेलकट कपड्यांनिशी खुशाल ऐसपैस बसलेले. ते विचारतच नव्हते, सरळ बसत होते, हे या गृहस्थाच्या डोक्यात शिरेल तर ना! यांना वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. एकदा तर नवा शर्ट घालून गेले. तरी ‘‘ने.’’ त्या दिवशी फार वाईट वाटलं त्यांना.

तरी विचारायचं काही सोडलं नाही. आज तरी म्हातारी ‘बस’ म्हणेल, या आशेवर जायचे.

मग एका दुपारी गल्ल्यावर सून दिसली. सून इथलीच, बोलकी. ‘‘या काटेसाहेब, बसा ना.’’

‘‘नको. आजींना चालत नाही.’’

‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘त्याच सांगतात की रोज. बसू का म्हटलं की ‘ने’ म्हणतात.’’

सून जी हसत सुटली! ‘‘अहो, यांच्या भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’! मीपण फसले होते लग्न झाल्यावर. चहा हवा का विचारलं की सासूबाई म्हणायच्या ‘ने’, आणि मी कप उचलून आत न्यायची!’’

काटेसाहेबांनाही हसू फुटलं. छातीवरचा धोंडाच उतरला. ‘‘कुठायत आजी? आत आहेत? आज समोर बसूनच जेवतो.’’

सुनेचं हसू मावळलं. ‘‘गेल्या. नणंदबाईंकडे, तिकडे ग्रीसला परत. आता नाही यायच्या.’’ ती गल्ल्यावरून उगाच फडकं फिरवू लागली. ‘‘इथं एकटीनं जेवायचा कंटाळा आला म्हणाल्या. आम्ही दोघं कामात, उभ्या उभ्याच खातो. तुमचं फार लागलं होतं त्यांना. म्हणायच्या, हा माणूस रोज बसायचं विचारतो, मी रोज हो म्हणते, माझंही ताट वाढून घ्यायला उठते, आणि हा डबा पुढे करतो. माझ्यासमोर जेवायला नको वाटतं का त्याला?’’

काटेसाहेब मटकन खुर्चीत बसले. न विचारता.

सुनेनं ताट आणून ठेवलं. मग काय वाटलं कोण जाणे, फोन लावला, सासूशी त्यांच्या भाषेत चार वाक्यं बोलली आणि फोन यांच्या हातात दिला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून हाक आली, ती गेली.

‘‘आजी, बसलोय,’’ काटेसाहेब म्हणाले.

पलीकडे आजी बोलायला लागल्या, भराभर, न थांबता. रागावत होत्या की रडत होत्या, यांना एक शब्द कळेना. बाहेर काट्यावर ट्रक हॉर्न वाजवत होते. काटेसाहेबांनी फोन कानाशी तसाच धरला, दुसऱ्या हातानं घास घेतला आणि त्या बोलायच्या थांबेपर्यंत सावकाश जेवत राहिले.