नळीखालचं झाकण

आमच्या हिम्मतमामांबरोबर युद्धाचा सिनेमा बघणं म्हणजे डोक्याला ताप. मामा फौजेत रणगाड्यावर होते, तोफ चालवायचे. आता अंबरपेठेत आमच्याच घरी असतात. पडद्यावर रणगाडा दिसला की त्यांचं सुरू होतं. "आत बसून गप्पा कायकू मारतो हा? इंजिनाच्या आवाजात शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. हेडफोन कुठाय?" मग, "धूर कुठाय? गोळा सुटला की खोकून जीव जातो. हा बघा, भांग पाडून बसलाय!" लोक वळून बघतात. आम्ही "मामा, जाने दो ना" म्हणतो. ऐकतील तर शपथ.

एका प्रसंगाला मात्र ते गप्प होत. रणगाडा पेटला आणि माणसं बाहेर उड्या टाकू लागली की मामा पाणी प्यायला उठत.

त्यामागचं कारण एकट्या मला माहीत होतं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला तेव्हा दत्तात्रय त्याचा चालक होता. मामांचा जिवलग, विद्यानगरच्या कुसुमताईंचा नवरा, त्यांच्या रेणूचा बाप. मामांच्या रणगाड्यात तोफेची नळी चालकाच्या डोक्यावर आलेली असली की त्याचं झाकण उघडत नसे. नळी फिरवणारी मोटार बंद पडली तरी एक चाक हातानं फिरवून नळी बाजूला घेता येई. ते चाक मामांच्या हाताशी होतं. ते न फिरवता मामांनी बाहेर उडी टाकली आणि दत्तात्रय आत जळाला. कुसुमताईंना त्यांनी येऊन सांगितलं, गोळा लागला आणि दत्ता जागीच गेला.

शस्त्रानं गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षात घातचतुर्दशीला करतात. त्या दिवशी कुसुमताई मामांना नवऱ्याच्या नावानं पानावर बसवत. वाढता वाढता दरवर्षी विचारत, "भावजी, त्यांना त्रास नाही ना झाला?" मामा पानाकडे बघत म्हणत, "नाही वहिनी, कळलंसुद्धा नाही." मग त्या खीर वाढत. तो घास कसा उतरत असेल देव जाणे. पण त्या पानावर मामांचा फार जीव होता. "वहिनींना कळलं तर हे पान जाईल," मला म्हणायचे, "मग मी जगून काय करू?"

यंदा रणगाड्यांवरचा एक मोठा सिनेमा आला. सगळं खरंखुरं दाखवलंय म्हणून बोलबाला झाला. कुसुमताईंनी फोन केला, मला न्या. मामा म्हणाले, "नक्को वहिनी, सब झूट रहता." त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुमच्याशेजारी बसून बघायचाय. काय खोटं ते तुम्ही सांगा." मामांची झोप उडाली. "आणि सगळं खरंच दाखवलं असलं तर रे?" असं मला चारचारदा विचारत राहिले.

काचीगुड्याच्या टॉकीजमध्ये मी दोघांच्या मागे बसलो. सिनेमा भलताच खरा निघाला. घाम, धूर, हेडफोनमधली खरखर, सगळं होतं. मामांना चूक काढायला जागाच नव्हती. मग रणगाडा पेटला. नळी बरोबर चालकाच्या झाकणावर होती. मामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. या खेपेला त्यांना उठणंही जमेना. आणि पडद्यावरच्या चालकानं त्या नळीखालचंच झाकण फाडकन उघडलं आणि बाहेर आला! टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या. सिनेमावाल्यांच्या त्या चुकीला मी मनातल्या मनात हात जोडले.

बाहेर आल्यावर मामा खुशीत होते. आम्हाला चहा पाजला. "अच्छा पिच्चर था," म्हणाले.

"भावजी, एक चूक राहिली," कुसुमताई म्हणाल्या. "नळी वर होती. झाकण उघडलं कसं?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं. आमची रेणू शाळेत होती, टीव्हीवर असाच सिनेमा लागला होता. असं झाकण उघडतच नाही म्हणून चिडलात आणि लगेच पाणी प्यायला उठलात. तेव्हापासून तुमचं ते उठणं बघतेय मी."

"मग दरवर्षी मला विचारत का होता, वहिनी?"

"कधीतरी खरं सांगाल म्हणून."

मामांनी तिथंच, चहाच्या गाड्यापाशी, सगळं सांगितलं. "हाक मारली त्यानं. हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू आलं. हिम्मत, नळी, म्हणाला. मी हेडफोन काढून फेकला आणि उडी मारली." कुसुमताईंनी कप ठेवला. मी त्यांना घरी सोडलं.

घातचतुर्दशीला मामा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून उपाशी बसले. बोलावणं आलं नव्हतं, तरी बसले. मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही. दुपारी फोन वाजला. मी उचलला.

"भावजींना सांग, यंदा यांच्या पानावर उदयला बसवलं," कुसुमताई म्हणाल्या. उदय त्यांचा पुतण्या. पुढे म्हणाल्या, "आणि रात्री जेवायला या म्हणावं. पितर म्हणून नाही. हिम्मतराव म्हणून या."

मी निरोप सांगितला. मामा सदऱ्याची बटणं काढू लागले.

"दत्ताच्या नावानं जेवत होतो रे इतकी वर्षं," ते म्हणाले. "माझ्या नावानं वहिनींच्या घरी घास कसा उचलू?"