भिलाईत मी आत्या झाले

"साहेबाच्या मुलीचं बारसं हाय, ये. भिलाईबी पाहून होईन," असं भावाचं पत्र आलं आणि मी नागपूरहून पॅसेंजर पकडली. एकटीने! साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे धाडसच होतं. तुम्ही जाणार असाल तर गोंदियाला चहा घ्या आणि दरेकशाच्या जंगलात खिडकी अजिबात सोडू नका.

दुर्गला उतरून आठ आण्यांत टांगा केला. वाटेत रुआबांधा गावाकडे धानाची शेतं आणि पलीकडे पोलादाच्या कारखान्याच्या केवढ्या त्या चिमण्या! क्रेन, ट्रक, लाल धूळ. माझी पांढरी साडी तासाभरात विटकरी झाली. मी नुसती हरखून गेले होते.

भाऊ रशियन इंजिनिअर लेवच्या हाताखाली होता. शेवंतावहिनीने लेवच्या लेकीचं बारसं स्वतःच्याच क्वार्टरमध्ये मांडलं होतं. घुगऱ्या शिजत होत्या, पाळणा शेजारणीचा आणला होता.

"नाव आजीचंच ठेवू. याची माय तिकडे जिती हाय ना, खुश होईन म्हातारी," वहिनी म्हणाली.

भावाने ते हिंदीत सांगितलं, तसा लेव पांढराफटक पडला. "नहीं! जिंदा आदमी का नाम नहीं. हम यहूदी. जो मर गया, उसका नाम."

वहिनीने जीभ चावली. मग तो तुटक हिंदीत सांगत गेला. तो लहान असताना, युद्धात जर्मन सैनिक त्यांच्या गावात शिरले तेव्हा शेजारणीने त्याला आणि आईला बटाट्याच्या तळघरात लपवलं. वडील आणि दहा वर्षांची बहीण बाहेर राहिले. गावातल्या साऱ्या यहुद्यांबरोबर त्यांनाही गोळ्या घातल्या. तेव्हापासून आईने बहिणीचं नाव उच्चारलेलं नाही, त्यानेही नाही. मुलीला तेच नाव द्यायचं होतं, पण त्याच्या तोंडून ते निघेना.

"मंग तू कायले घेतं? आमच्यात आत्याच नाव ठेवते," वहिनी म्हणाली. "कुंदे, चाल, तू हो आत्या!"

त्याच्या बायकोला, तान्याला, त्याने ते लिहून दाखवलं होतं; तिने माझ्या कानात नाव सांगितलं. मी पाळण्यात वाकले. कुर्र्र... रीवा! बायांनी माझ्या पाठीत दणादण धपाटे घातले.

"क्यों मारा?" लेव घाबरला.

"आत्याले मारतेतच!"

तो हसला, पाळण्याशी आला आणि हळूच म्हणाला, "रीवा." मग पुन्हा, मोठ्याने. मला रडू आवरेना.

घरी येऊन आईला आधी कारखानाच सांगितला, हातवारे करकरून. पुढे भावाच्या चारही पोरांची नावं मीच ठेवली. पण पहिल्यांदा कुणाची आत्या झालीस, असं कुणी विचारलं की मी रीवाचं सांगायला बसते, आणि दोन्ही रीवांचं सांगून होतं.