कालचा भात

बँकॉकच्या गल्लीत गाडीवर भात परतणारी बाई कुणाला अननस घालून देत होती, कुणाला खेकडा, कुणाला मिरची आणि तुळशीची पानं. भात मात्र सगळ्यांना एकच, कालचा, गार. आल्यापासून घरच्या चिवड्यावर दिवस काढणारी माझी आई एकदम थबकली.

"अगं, ही बघ, ओल्या बोटांनी भात मोकळा करतेय! शीत मोडत नाहीये."

फोडणीच्या भातासाठी आई करते, अगदी तस्संच. एवढ्या दूर, एक अक्षर कळत नाही अशा मुलखात, बोटं मात्र तीच!

आईची बोटं नकळत हवेतच हलू लागली होती. बाईने ते पाहिलं आणि हसून पातेलं पुढे सरकवलं. आईने हात धुतले. दोघी गोळे फोडू लागल्या. त्या गल्लीत परकी उरले ती मीच.