डाव्या पंखाखालची भोकं

ग्लायडरला इंजिन नसतं. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता एका दमात सांगून मोकळी होते: दोरीने ओढून वर सोडतात, मग ते वाऱ्यावर तरंगतं आणि उतरतं. आमचं जुनं होतं, लाकडी, वर कापड ताणलेलं, दोन माणसं पुढेमागे बसतील असं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत बाबांचा गाळा आहे, तिथे ते होतं. धड जमिनीवर, आणि दोन्ही पंख छताखाली कापडी झोळ्यांत आडवे टांगलेले.

बाबा ओतकामाच्या कारखान्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, बनवायचे. रविवारी घाटावरच्या एका ग्लायडिंग क्लबात जाऊन तिथली लाकडी ग्लायडरं दुरुस्त करायचे. हे ग्लायडर त्यांच्या हाताखालून कितीदा गेलं असेल, पण त्यात ते एकदाही बसले नव्हते. मेकॅनिकला बसवायची तिथे पद्धत नव्हती. क्लबाने फायबरची ग्लायडरं घेतली, हे मैदानाच्या कडेला पडून राहिलं, शेवटी भंगारात निघालं, तेव्हा बाबांनी ते उचलून आणलं. त्यांना ते पुन्हा उडताना बघायचं होतं. स्वतः बसायचं आहे असं ते कधी म्हणाले नाहीत.

जुन्या लाकडी ग्लायडरवाल्यांची एक जगभर पसरलेली मंडळी आहे. हॉलंड, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया. एकाकडे शेपूट असतं, दुसऱ्याकडे चाक, तिसरा नुसते नकाशे जमवतो. इंटरनेटवर त्यांचा गट आहे. बाबांना इंग्रजी जेमतेम येतं, त्यामुळे शाळेत असल्यापासून त्यांची पत्रं मीच लिहायचे. या मंडळींत एक रीत आहे. ग्लायडर विकायला काढलं की मालकाने आधी दोषपत्र लिहायचं. कुठे काय मोडलं, कुणी मोडलं, कुणी कसं जोडलं, सगळं सहीनिशी. गुण नंतर. ते पत्र ग्लायडरच्या नोंदवहीत चिकटवतात आणि ते मालकामागून मालकाकडे जात राहतं. ज्याला त्यात बसून वर जायचंय त्याला हे माहीत असलं पाहिजे, एवढंच त्यामागचं कारण. बाबांना ही रीत फार आवडायची. आईलाही आवडली. आई आयुष्यभर मोर्चे आणि पत्रकं करत आलेली बाई, तिला सहीनिशी लिहिलेलं काहीही आवडतं.

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. चालायला लागले तशी खळीची बादली धरायला लागले. घाटकोपरच्या आमच्या भागात भिंतीवर पोस्टर लावायचं तर बुडबुडा राहता कामा नये, कडा सुटता कामा नये, नाहीतर सकाळपर्यंत कुणीतरी फाडतं. माझ्या हाताची पोस्टरं पावसाळाभर टिकायची. याचा मला अभिमान होता.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं. गाळ्याचं मी बघायला लागले. डाव्या पंखाच्या खालचं कापड जीर्ण झालं होतं, ते मी नवीन घातलं. जुनं काढताना कापडाला ओळीने बारीक भोकं दिसली, पेन्सिल जाईल एवढी. मला वाटलं, कसर. नवीन कापडावर ती अर्थातच नव्हती. चारदोन ठिकाणी लाकडातही होती, तिथे मी गोल ठिगळं लावली, कडा दाबून, बुडबुडा न ठेवता. बाबा खुर्चीत होते. ते डावं बोट वर करून हवेत टोचत राहिले, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, कापड किती ताणलंय ते बघायचंय. मी खुर्ची पंखाखाली नेली. त्यांनी कापडाला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मस्त ताणलंय ना?" त्यांनी बोट खाली घेतलं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गाळ्याचे पत्रे गळतात, सगळ्यांचेच गळतात.

मग वसाहतीतली आमची रांग पाडायचं ठरलं आणि गाळा रिकामा करायची नोटीस आली. ग्लायडर विकावं लागणार होतं. हॉलंडमधले एक निवृत्त मास्तर ते घ्यायला तयार होते, आणि त्यांना ते उडवायचंच होतं. उडालं की व्हिडिओ पाठवतो, बाबांना दाखवा, असं त्यांनी लिहिलं. दोषपत्राची वाट बघतोय, असंही.

त्याच्या वर्षभर आधी मी त्या गटावर क्लबाविरुद्ध एक लांबलचक मजकूर टाकला होता. डाव्या पंखाला वास यायला लागला होता, त्यावरून. क्लबाने ग्लायडर पावसात कुजवलं, ज्या माणसाने ते जपलं त्याला त्यात कधी बसवलं नाही, वगैरे. पत्रकासारखाच लिहिला होता. दूरदूरच्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. त्यातलं बसवलं नाही हे खरं होतं.

तपासायला क्लबातले बाबांचे जुने सोबती आले. मी त्यांना काका म्हणते. त्यांनी डावा पंख खाली उतरवला, कापडाला ब्लेडने चीर दिली आणि आत बॅटरी आणि छोटा आरसा घातला. नासक्या दुधाचा वास गाळाभर झाला. या ग्लायडरांचं लाकूड जोडणारा सरस दुधाच्या चोथ्यापासून केलेला असतो. बाबा पूर्वी म्हणायचे, आपलं विमान आणि आरेच्या म्हशी, जवळचं नातं आहे.

काकांनी पंखाच्या खालून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"भोकं कुठायत?"

"कसली?"

"पाणी जायची. हवा जायची. पंखाच्या आतल्या प्रत्येक खणाला एक असतं."

मी म्हटलं, "ती मी बुजवली."

काकांनी आरसा आणखी आत सरकवला आणि मला दाखवलं. पंखाचा सगळा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईपर्यंत ओल गेली होती. सरस बोटाने निघत होता. उजव्या पंखाला मी हात लावला नव्हता, तो कोरडा होता. दोन्ही पंख त्याच मैदानात, त्याच पावसात पडले होते.

"निषेधाचं पत्रक नवीन छापावं लागेल गं तुला," काका म्हणाले. ते चिडले नव्हते. नंतर चहा पिताना त्यांनी सुचवलं, वयोमानाने सरस गेला, असं लिही, खोटं नाही ते, सगळ्यांचाच जातो. मी कप धुतले. मला काही वाटत नव्हतं. शरम वाटेल म्हणून मी वाट बघत होते, तीही येत नव्हती. मेट्रोने घरी आले, जेवले, भांडी घासली.

आईला सांगितलं. मला वाटलं, ती चूक आणि कबुली यावर काहीतरी बोलेल, तिची त्यावर पुष्कळ भाषणं आहेत. ती म्हणाली, "बाबांना सांगितलंस?"

बाबा खिडकीशी होते. मी समोर बसून सगळं सांगितलं, भोकं, वास, तुळई. त्यांचे आता दहाबारा शब्द उरलेत, आणि प्रत्येकाला वेळ लागतो.

"माहीत," ते म्हणाले.

दोषपत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं. पहिल्या ओळीत लिहिलं की डाव्या पंखाची भोकं मी बुजवली, न विचारता, आणि माझ्या वडिलांनी दाखवूनही मला कळलं नाही. दुसऱ्या ओळीत लिहिलं की क्लबाविषयी मी जो कुजवल्याचा आरोप केला तो या पंखापुरता खोटा आहे. खाली सही केली. ते गटावरही टाकलं. उत्तरं कमी आली. मास्तरांनी लिहिलं की धड आणि उजवा पंख ते घेतील, ऑस्ट्रेलियात एकाकडे त्याच जातीचा एकटा डावा पंख पडून आहे. आमचा डावा नको. पण तो तसाच कुणाच्या हाती लागू देऊ नका, तुळई कापा. हीसुद्धा त्यांची रीत आहे. कुजलेला पंख कुणी रंगवून विकू नये म्हणून.

ट्रक येऊन धड आणि उजवा पंख घेऊन गेला. बाबांना मी त्या दिवशी मुद्दाम आणलं होतं. ट्रक वळेपर्यंत त्यांनी बघितलं.

मग गाळ्यात तेवढा एकच पंख राहिला, दोन लाकडी घोड्यांवर आडवा, खालची बाजू वर. मी करवत घेतली. बाबांनी डावं बोट वर केलं आणि हवेत टोचलं. मी थांबले. खुर्ची पंखाजवळ नेली. कापडाच्या मागच्या कडेला, एका खणाच्या कोपऱ्यात, त्यांनी बोट टेकवलं आणि तिथेच ठेवलं.

मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. त्यांनी बोट काढलं, तिथे मी टोक टेकवलं. पॉलिस्टरचं कापड वितळून गोल, स्वच्छ भोक पडलं, कडेला बारीक काळी रेघ. पाणी आलं नाही, आत सुकलं होतं. त्यांनी बोट पुढच्या खणावर नेलं. एकूण अकरा खण होते. आम्ही अकरा भोकं पाडली.

मग त्यांनी मान हलवली आणि मी तुळई कापायला लागले.