विश्वशांती आणि एक कोंबडा

सत्याऐंशी साली मरोळच्या आमच्या सोसायटीने जगात शांतता आणायचं ठरवलं. ठराव सेक्रेटरींचा होता. ते विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि तिथे त्यांनी तीस वर्षं भोंगा वाजवला होता. घरी बसल्यावर त्यांना शांततेची फार ओढ लागली. दर रविवारी सकाळी सातला सगळ्यांनी गच्चीवर जमायचं, दहा मिनिटं डोळे मिटून मन शांत करायचं आणि ती शांती अमेरिका-रशियाला पाठवायची. तेवढा वेळ कुकर, मिक्सर, रेडिओ बंद.

पहिल्याच रविवारी भांडण झालं. ए विंगने अमेरिकेकडे तोंड करायचं आणि बी विंगने रशियाकडे, असं ठरलं होतं. पण तळमजल्यावरचे भूगोलाचे मास्तर पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊन वर आले. दोरा ताणून त्यांनी दाखवलं, की जवळच्या वाटेने गेलं तर मुंबईहून वॉशिंग्टन आणि मॉस्को जवळजवळ एकाच दिशेला आहेत. हे कोणालाच आवडलं नाही. दोन विंगचं पाण्यावरून बोलणं बंद होतं.

"म्हणजे आम्ही यांच्या बरोबरीने एकीकडे तोंड करून बसायचं?" बी विंगमधल्या एका काकांनी विचारलं.

मास्तरांना गोल घरी ठेवून यायला सांगितलं आणि दोन्ही विंग एकमेकींकडे पाठ करून बसल्या. सगळ्यांनी डोळे मिटले, तोच मागच्या गावठाणात कोंबडा आरवला. दहा मिनिटांत तो अकरा वेळा आरवला. सेक्रेटरी मोजत होते.

कोंबडा गप्प करायचं काम माझ्यावर आलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टायपिस्ट होते. ठरलेलं लग्न नुकतंच मोडलं होतं आणि घरात सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसे बोलत. "तुझं मन तसंही ध्यानात लागणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. ते खरंच होतं.

कोंबडा एका ख्रिस्ती मावशींचा होता. लुगडं नेसलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मी कारण सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

"बाय, तो पाद्रीचा पण ऐकत नाय, तुझ्या सेक्रेटरीचा काय ऐकल? मांडीवर घे नि डोल्यांवर फडका टाक. मग गप बसल."

मी तसं केलं. कोंबडा गरम होता आणि अपेक्षेपेक्षा हलका. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. हळूहळू ते संथ झालं, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की लग्नाचा विचार माझ्या मनात बराच वेळ आलेला नाही.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मावशींनी विचारलं, "माजा पोरगा आखातात बोटीवर हाय. तिकडं पण लढाई चाललीय. ती तुमच्या यादीत हाय काय?"

मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "आधी महासत्ता. बाकीच्यांचं पुढच्या वार्षिक सभेत बघू."

मावशींना हे सांगायचं धाडस मला झालं नाही. "आहे यादीत," मी म्हटलं. आणि खोटं नको म्हणून, कोंबडा मांडीवर घेऊन, आखातातल्या लढाईला शांती पाठवायचं काम मी एकटीने चालवायला घेतलं.

डिसेंबरात पेपरात फोटो आला. दोन्ही महासत्तांच्या प्रमुखांनी क्षेपणास्त्रं नष्ट करायच्या करारावर सह्या केल्या होत्या. सेक्रेटरींनी फलकावर लिहिलं, 'आपल्या प्रयत्नांना यश.' अभिनंदनाची सभा बोलावली. तिथे श्रेय कोणत्या विंगचं यावरून वाद पेटला. ए विंगचं म्हणणं, आधी अमेरिका नरमली. बी विंगचं म्हणणं, रशिया. एका काकांनी दुसऱ्या काकांचा चष्मा फोडला. सेक्रेटरींनी राजीनामा दिला आणि विश्वशांती बंद पडली.

मी जात राहिले. मावशींनी कारण विचारलं नाही. मी आले की त्या कोंबडा हातात देत आणि चर्चमधल्या आठच्या मिसेसाठी तयार व्हायला आत जात.

पुढच्या वर्षी आखातातली लढाई थांबली. नाताळच्या आधी एका रविवारी दारात एक उन्हाने रापलेला माणूस बॅग घेऊन उभा राहिला. स्वतःच्या घरात मांडीवर कोंबडा घेऊन बसलेली अनोळखी बाई त्याने बराच वेळ पाहिली.

"आई," त्याने आत हाक मारली, "ही कोन?"

"ती तुज्यासाठी येते," मावशी आतून म्हणाल्या. "दहा मिनिटं बोलू नको तिच्याशी."

त्याने बॅग खाली ठेवली आणि समोरच्या बाकावर गप्प बसला.