पितळी भांड्यावरचा नंबर

बाई कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी बोटाच्या पेरानं वाजवायच्या. मान एका अंगाला कलती करायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बोल गं बाई." मग तो चहाचा कप असो, प्रयोगशाळेचं बाक असो नाहीतर माझा जेवणाचा नवा डबा. डबा वाजवून त्यांनी मला चारचौघांत सांगितलं, "मामा, तळ पातळ हाय. फसवलं तुम्हाला." असा राग आला होता मला, काय सांगू! दुसऱ्याच महिन्यात डबा गळायला लागला.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा शिपाई. तुमच्याही नोकरीत असं एखादं माणूस असेलच, ज्याला काम सगळ्यात जास्त आणि बसायला खुर्ची नाही. बाई ध्वनिलहरींवर पीएच.डी. केलेल्या, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत आणि मार्चमध्ये परत घरी. अशी सतरा वर्षं. मी बारावी नापास, पण कायम. दरवर्षी स्टाफचा फोटो निघायचा तेव्हा कायमची मंडळी खुर्च्यांवर, आम्ही शिपाई मागं उभे आणि मोबाइल बाईंच्या हातात. "तुमचा हात हलत नाही मॅडम, तुम्हीच काढा," असं विभागप्रमुख सर गोड आवाजात सांगायचे. त्यामुळं एकाही फोटोत बाई नाहीत.

त्या मूळच्या शिरोळकडच्या. आईबरोबर बाजारात मडकं वाजवून घ्यायला शिकले, पुढचं सगळं शिक्षण त्याच्यावरच रचलं, असं सांगायच्या. त्यांनी स्वतः एक यंत्र बनवलं होतं. पितळी भांडं, तळाला एक स्फटिक आणि वरून स्क्रूवर खालीवर होणारी चकती. भांड्यात दूध ओता, उसाचा रस ओता, गुळाचं पाणी ओता. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज त्यातून किती वेगानं जातो ते त्यात कळायचं आणि त्या वेगावरून भेसळ कळायची. त्यापायी चार वर्षं त्यांनी उद्यमनगरात लेथवाल्याकडं खेपा घातल्या. स्टाफरूममध्ये त्या यंत्राला 'बाईंची कळशी' म्हणायचे. सर म्हणायचे, दुधातलं पाणी ओळखायला गवळी बास झाला, डॉक्टरेट कशाला? सगळे हसायचे. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

एका मे महिन्यात केमिस्ट्रीवाल्यांनी ते भांडं परस्पर उचलून नेलं आणि त्यात ब्रश धुतले. माझं डोकंच फिरलं. भांडणं करून मी ते परत आणलं, चिंचेनं घासलं आणि डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीत, चढवून टाकलं. बुडाशी पांढऱ्या रंगानं नंबर घातला, भौ. २१४. आता कुणाची हात लावायची टाप नव्हती. जूनमध्ये बाई आल्या आणि नंबर बघून हसल्या.

"मला पण एक नंबर घाला की मामा. म्हंजे मार्चमध्ये कोण बाहेर काढणार न्हाई."

मला वाटलं, खूश झाल्या.

पुढच्या वर्षी चंदगडकडच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. वय उलटत चाललेलं, बाईंच्या दृष्टीनं ही शेवटचीच. तिथल्या निवड समितीनं कळवलं होतं, यंत्र घेऊन या आणि चालवून दाखवा. पंधरा दिवस बाईंचे पाय जमिनीला लागले नाहीत. मुलाखतीच्या आदल्या दिवशी भांडं फडक्यात गुंडाळून त्या परवानगी मागायला सरांपुढं उभ्या राहिल्या. मी शेजारीच कपाट पुसत होतो. सरांनी ती वही जन्मात उघडली नव्हती. त्यांनी सहज माझ्याकडं वळून विचारलं, "काय मामा, हे रजिस्टरला आहे का?"

'न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांत साहेबानं माझ्या वहीबद्दल पहिल्यांदा विचारलेलं. छाती पुढं काढून मी म्हणालो, "हाय की सर. दोनशे चौदा."

"मग कॉलेजची वस्तू बाहेर कशी जाईल, मॅडम?" सर हसत म्हणाले.

बाईंनी फडकं सोडलं, भांडं टेबलावर ठेवलं. वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलमधले फोटो घेऊन त्या चंदगडच्या एसटीत बसल्या. नुसत्या फोटोवरून कसं मानायचं, असं समितीनं विचारलं म्हणे. जागा दुसऱ्याला गेली. त्या जूनमध्ये बाईंनी आमच्याकडंही अर्ज केला नाही.

दोन वर्षं भांडं कपाटात पडून होतं. ते चालवायला कुणाला येत नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं. कॉलेजचा खडूसुद्धा कधी घरी नेला नाही असा मी माणूस, पण शेवटी यंदा कानशीनं नंबर खरवडला, भांडं पोत्यात घातलं आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेलो. बाई तिथल्या एका कारखान्यात ओतीव लोखंडाला आतून तडा आहे का ते आवाजानं तपासतात, असं कळलं होतं.

वॉचमननं आत सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बाईच गेटवर आल्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात कार्ड. वाटेत ठरवलेलं सगळं मी विसरलो. "चुकलं माझं बाई," एवढंच तोंडातून आलं.

त्यांनी भांडं घेतलं, पेरानं वाजवलं, मान कलती केली. मिटलेले डोळे किती वेळ उघडेनात. मग बुडाशी खरवडलेली जागा अंगठ्यानं चाचपली आणि गळ्यातलं कार्ड माझ्यापुढं धरलं.

"बघा मामा, मला पण नंबर घातला."

ठेवून घ्या, तुमचंच आहे, असं मी परत परत म्हणत राहिलो. बाईंनी भांडं पोत्यात घातलं, पोत्याचं तोंड घट्ट बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

"न्हाई मामा. रजिस्टरला हाय की."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पांढरा रंग आणून त्याच जागी पुन्हा नंबर घातला. हात हलला, त्यामुळं चारचा आकडा वाकडा आलाय.